आधीचा भाग

पहिले चारही भाग मी पाहिलेत,
दोन तर दोनदा.
त्यामुळे पडद्यावर हा एकोणीस वर्षांचा पोरगा
खांद्यावर लांब काठी टाकून
गल्लीबोळांतले दिवे लावत हिंडतो, तेव्हा
मला ठाऊक असतं
पुढे हाच काचेमागे बसून
एकेक वस्ती विझवत जाणार आहे.
सगळ्या थिएटरला ठाऊक आहे.
मागच्या रांगेतली पोरं तर
त्याचं नाव आलं की शिट्ट्या मारतात.

फक्त बाबांना ठाऊक नाही.

सीवूड्सचा मॉल, सव्वातीनचा शो,
ऑफिसातून मिळालेली दोन तिकिटं.
प्रज्योत ऐनवेळी नाही म्हणाला,
म्हणून हासुराम मढवी, वय त्र्याहत्तर, मुक्काम करावे गाव,
चपला सीटखाली काढून
मांडी घालून बसलेत,
पॉपकॉर्नची बादली पोटाशी धरून.

"पोर गुनाचा हाय," ते म्हणतात.
मी गप्प.
पोरगा एका म्हातारीच्या दारात फुकट दिवा लावतो.
"बग. सांगतला ना."
पोरगा बहिणीला आपल्या वाटची भाकर देतो.
पाव असतो खरं तर,
बाबांना भाकर दिसते.
पुढची बाई वळून बघते, त्यांना पत्ता नाही.
तिकीट काढून आलेल्या दोनशे माणसांत
एकटा माणूस
त्या पोराच्या बाजूने बसलेला.

मी वाट बघत होते पूल जळायची.
ट्रेलरमध्ये पूल होता,
पोस्टरवर पूल होता,
तिथेच तो बदलणार, असं सगळे म्हणत होते.

"गेला," बाबा म्हणाले.

अजून काहीच झालं नव्हतं.
मागचं संगीतसुद्धा तेच, गोडसं.
साहेबाने त्याला फक्त एक वही दिली होती.
कुणाच्या घरी तेल शिल्लक आहे
तेवढं लिहून आण, बाकी काही नाही.
आणि बूट दिले होते.
पोरगा बूट घालतो,
दोनदा पाय आपटून बघतो
आणि हसतो.

मध्यंतरात समोशाच्या रांगेत,
मी सुटे शोधत असताना,
ते काउंटरच्या काचेकडे बघत बोलले.
मोजणीवाल्यांना गावातला पोरगा हवा होता,
साखळीचं टोक धरायला,
कुणाचा बांध कुठे संपतो ते दाखवायला.
रोजचे चार रुपये.
काळे बूट, आत नवे पायमोजे.
"मी पन एकोनीसचाच व्हतू."
पहिल्या दिवशी चांगाकाकाचं मिठागर,
मग मामाचं खाजण,
नंतर पाऊस लागला म्हणून आठ दिवस सुट्टी,
आणि मग आपलं.
आजी बांधावर उभी होती, काही बोलली नाही.
"सायेब बोलला, साखली ताठ धर.
मी धरली."

चटणी गोड की तिखट, पोऱ्याने विचारलं.
दोन्ही, बाबा म्हणाले.

पूल जळाला. टाळ्या पडल्या.
बहीण मेली, दिवे गेले, काठी नदीत वाहून गेली.
बाबा बघत होते की नाही कोण जाणे,
त्यांच्या चश्म्यात ज्वाळा होत्या एवढं खरं.
नावं सरकू लागली तेव्हा म्हणाले,
"म्होरच्या भागात त्याला कोन इचारतं का?"
"काय?"
"काय बी."

मी चारही भाग आठवून पाहिले.
सुरुंग आहेत. बंडखोर आहेत.
एक मुलगी काचेची भिंत फोडते, तिचं फार कौतुक झालं.
विचारत कुणी नाही.

अंधारात ते पायाने डावी चप्पल चाचपत होते.
दोन दिवाळ्यांपूर्वी मी आणलेले बूट
माळ्यावर आहेत, खोक्यासकट.
चावत असतील, असं मी धरून चालले होते.

पार्किंगमध्ये प्रज्योतचा मेसेज आला.
कसा आहे? शेवट सांगू नको हां.
मी स्कूटर काढली.
बाबा तिथल्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत
सावकाश चालत गेले,
ओठ हलत होते,
आणि परत येऊन मागे बसले.
किती भरलं, ते सांगितलं नाही.